मुलुंड पूर्वेचे एक घरगुती पाळणाघर : अनामत आणि राखीव जागेचे पैसे

पाळणाघराविषयी लिहिणारे पालक बहुधा जेवण, स्वच्छता, खेळणी आणि मावशींचा स्वभाव यांविषयी लिहितात. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातील मारहाणीचे चित्रण उघडकीस आल्यापासून सीसीटीव्हीचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि तो तसा विचारला जावा यात दुमत नाही. पैशांची चौकशी मात्र निघताना, दारात चपला घालता घालता उरकली जाते. महिन्याची फी कळली की पुरेसे वाटते. अनामत केव्हा परत मिळणार, मूल यायला लागण्याआधी जागा धरून ठेवण्याचे किती पडणार, मे महिन्यात गावी गेल्यावर फीचे काय, मध्येच पाळणाघर सोडावे लागले तर काय, हे प्रश्न पहिला वाद झाल्यावर सुचतात. आमची मुलगी ज्या पाळणाघरात जाते तेथील पैशांचे व्यवहार मला बहुतांशी नेटके वाटले, दोन-तीन बाबतींत पटले नाहीत. हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे. जेवण आणि स्वच्छता चांगली आहे, एवढे सांगून तो विषय मी बाजूला ठेवते.

हे पाळणाघर मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावर स्वतःच्या मालकीच्या जागेत चालते. चालवणाऱ्या बाई पूर्वी बालवाडीत शिकवत असत. सगळे पालक त्यांना काकू म्हणतात, आणि त्यांच्या मदतीला दोन मावशी आहेत. एकूण मुले बारा आणि त्यांत दीड वर्षाखालची चारच, ही मर्यादा काकूंनी स्वतःच घालून घेतली आहे. तान्ह्या मुलांची फी महिना १२,००० रुपये, त्यापुढच्या मुलांची ९,००० रुपये, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात. प्रवेश घेताना एका महिन्याच्या फीइतकी अनामत द्यावी लागते. नावनोंदणी, फॉर्म, किट अशा नावांखाली वेगळे काही घेतले जात नाही.

पहिल्या भेटीतच काकू एक छापील पान हातात देतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर आहे आणि त्यात पैशांचे दोन प्रकार वेगळे मांडलेले आहेत. एक अनामत, आणि दुसरे राखीव जागेचे पैसे, ज्यांना मोठ्या डे-केअरमध्ये रिटेनर म्हणतात. पान देताना त्या जे बोलतात ते मला त्या पानाहून नेमके वाटले : "हे बघ, अनामत तुझीच आहे, माझ्याकडे फक्त ठेवलेली. जागेचे पैसे मात्र माझे. ते मागाहून परत मागायचे नाहीत." बहुतेक पाळणाघरांतले पैशांचे तंटे या दोन रकमा एकाच पावतीवर, एकाच आकड्यात घेतल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. पालक सगळी रक्कम परत मिळणार असे धरून चालतात, चालक सगळी आपली झाली असे धरून चालतात, आणि दोघेही प्रामाणिक असले तरी भांडण अटळ असते. येथे दोन रकमांच्या दोन पावत्या मिळतात. अनामतीच्या पावतीवर 'परत करावयाची' असे लिहिलेले असते, आणि रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर त्यावर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्पही लावलेले असते. हल्ली ही तसदी कोण घेते?

राखीव जागेच्या पैशांविषयी पालकांमध्ये जी चीड असते ती मला समजते, पण ती मान्य नाही. मूल पाळणाघरात पाऊलही टाकत नाही आणि पैसे सुरू होतात, हे वरवर अन्यायाचे दिसते. परंतु मुंबईतील नोकरदार आईचे वेळापत्रक आणि पाळणाघरातील जागांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, आणि त्या न जुळणाऱ्या आठवड्यांची किंमत कोणाला तरी सोसावीच लागते. २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. ज्या आईने प्रसूतीआधी सहा आठवडे घेतले, तिचे बाळ ती कामावर रुजू होते त्या दिवशी जेमतेम साडेचार महिन्यांचे असते, आणि तेवढ्या तान्ह्या बाळाला घेणारी पाळणाघरे मुळातच थोडी. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली हे खरे, पण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये साडेचार महिन्यांचे मूल कडेवर घेऊन फोर्टपर्यंत जाणे कोणत्या आईला शक्य आहे? म्हणून पाळणाघर घराजवळचे लागते, आणि त्यासाठी सातव्या महिन्यापासून शोध सुरू होतो.

दुसरीकडे, पाळणाघरातील जागा मोकळ्या होतात त्या मुख्यतः जूनमध्ये, शाळा उघडताना. मोठ्या गटातील दोन-तीन मुले शाळेत जातात, तान्ह्यांच्या गटातील दीड वर्ष पूर्ण केलेली मुले मोठ्या गटात सरकतात, आणि त्यामागे तान्ह्यांची एखादी जागा रिकामी होते. ती जागा जूनमध्ये रिकामी झाली आणि आईला ऑगस्टमध्ये रुजू व्हायचे असले, तर मधले दोन महिने काकूंचे २४,००० रुपये बुडतात, कारण त्या जागेसाठी रांगेत असलेल्या दुसऱ्या आईला त्यांनी नाही म्हटलेले असते. मावशींचे पगार त्या दोन महिन्यांत कमी होत नाहीत. येथील नियम असा, की मूल यायला लागेपर्यंत निम्मी फी भरून जागा राखता येते, तीही जास्तीत जास्त दोन महिने. आम्ही त्याप्रमाणे १२,००० रुपये भरले. तोटा निम्मा त्यांचा आणि निम्मा आमचा, असा हा हिशेब आहे आणि तो मला रास्त वाटतो. त्याहून रास्त वाटते ती दोन महिन्यांची मर्यादा, कारण ज्यांना परवडते त्यांनी पाच-सहा महिने आधीपासून जागा अडवून ठेवायच्या आणि ज्यांची निकड आहे त्यांनी दारोदार फिरायचे, हा प्रकार त्यामुळे टळतो.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये राहते. तेथे घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला, ज्यांना चाइल्डमाइंडर म्हणतात, ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेकडे किंवा मान्यताप्राप्त एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. एकट्याने काम करणाऱ्या बाईला आठ वर्षांखालची सहाच मुले घेता येतात, त्यांत लहान मुले सामान्यतः तीन आणि एक वर्षाखालचे बहुधा एकच. अशा बाईची लहान मुलाची एक जागा रिकामी राहणे म्हणजे मोठा घाटा, म्हणून जागा राखण्याचे पैसे आणि लेखी करार तेथे सर्रास असतात आणि निम्म्या फीचा रिवाजही ओळखीचा आहे. आपल्याकडे काकूंनी चार तान्ह्यांची मर्यादा कोणी न सांगता पाळली आहे. ती पाळायची तर तिची किंमत पालकांनी उचलली पाहिजे. पाचवे, सहावे बाळ घेऊन तोटा भरून काढणारी पाळणाघरे जागा राखण्याचे पैसे मागत नाहीत, यात नवल काय.

ज्यांनी जागा राखून नंतर विचार बदलला त्यांचे काय होते, हेही मी पाहिले आहे. आमच्याच इमारतीतील एका कुटुंबात ऐनवेळी आजी साताऱ्याहून राहायला आल्या आणि पाळणाघराची गरज उरली नाही. राखीव जागेचे पैसे गेले, अनामत पूर्ण परत मिळाली, आणि ती देताना काकूंनी एक प्रश्नही विचारला नाही.

सुट्ट्यांचे नियम अधिक कडक आहेत. सलग पंधरा दिवसांपर्यंत मूल आले नाही तरी पूर्ण फी. पूर्ण महिना येणार नसेल आणि महिनाभर आधी कळवले असेल तर निम्मी. दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ येणार नसेल तर जागा सोडावी लागते आणि अनामत परत होते. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ आली की मूल आठवडाभर घरी ठेवावे लागते आणि त्या आठवड्याचीही फी कापली जात नाही. काही पालक यावर कुरकुर करतात, परंतु फी कापली जाऊ लागली तर इतर मुले जास्त आजारी पडतील की कमी, याचा विचार करताना मला काकूंचा नियम इतका वाईट वाटत नाही. ताप असलेल्या मुलाला त्या दारातूनच परत पाठवतात, आणि तसे पाठवणे त्यांना परवडते ते याच नियमामुळे. गणपती आणि दिवाळीत पाळणाघर बंद असते त्या दिवसांचीही वजावट नाही. मात्र काकूंच्या स्वतःच्या आजारपणामुळे तीन दिवसांहून अधिक बंद राहिले तर त्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात कमी केली जाते, आणि हे त्यांनी न मागता केलेले मी अनुभवले आहे.

मे महिन्याबाबत माझी तक्रार आहे. बरीच कुटुंबे त्या महिन्यात कोकणात किंवा घाटावर जातात आणि निम्मी फी भरून जागा राखतात. त्याच महिन्यात काकू शाळकरी मुलांना दिवसाला ४०० रुपये घेऊन सांभाळतात. म्हणजे जागा आमच्या पैशांनी राखलेली आणि तिच्यावर कमाई दुसऱ्याकडूनही, असे आम्हांला वाटते. मी हे विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे होते, की सात वर्षांच्या मुलाने पत्ते खेळत बसणे आणि दोन वर्षांच्या मुलाला भरवणे, झोपवणे, धुणे यांत लागणारे हात वेगळे. शाळकरी मूल आले म्हणून लहान मुलाची जागा भरली असे होत नाही. यात तथ्य आहे, पण जागा, पंखा आणि जेवण तर तेच आहे. राखीव जागेचे पैसे निम्म्यावरून एक तृतीयांशावर आणले असते तर ते मला अधिक न्याय्य वाटले असते. त्यांनी ते मान्य केले नाही.

अनामतीकडे काकू ज्या काटेकोरपणे पाहतात त्याचे मूळ टाळेबंदीत आहे, असे जुने पालक सांगतात. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि पाळणाघर बंद पडले. त्या वेळपर्यंत अनामतीचे पैसे घरखर्चाच्याच खात्यात असत, आणि अनेक पालकांनी एकाच वेळी ते परत मागितले तेव्हा काकूंना ते हप्त्याहप्त्याने द्यावे लागले. सगळ्यांचे दिले, पण काहींना ते वर्ष संपेपर्यंत वाट पाहावी लागली. त्यानंतर त्यांनी अनामतींसाठी बँकेत वेगळे बचत खाते उघडले, आणि तेव्हापासून त्यातील पैसे चालू खर्चाला वापरलेले नाहीत असे त्या सांगतात. फी दर जूनला वाढते. वाढीव फीइतकी अनामत वाढवून मागण्याची पद्धत इतरत्र आहे, येथे नाही. उशिरा येण्याचा दंड, अर्ध्या तासाला १०० रुपये, अनामतीतून वळता केला जात नाही, त्या महिन्याच्या फीबरोबर घेतला जातो; मध्य रेल्वे ठप्प झाली असेल तर तो घेतलाच जात नाही, आणि त्यासाठी एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवरचा निरोप पाठवला की पुरते.

पाळणाघर सोडायचे असल्यास एक महिन्याची लेखी सूचना लागते. मूल जाणे बंद झाल्यावर पंधरा दिवसांत अनामत त्याच खात्यात परत येते, ज्या खात्यातून ती दिली होती. शेवटच्या महिन्याची फी अनामतीतून वळती करा, असे म्हणणाऱ्या पालकांना काकू ठाम नकार देतात, आणि येथे माझे त्यांच्याशी पूर्णपणे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की अनामत शेवटच्या महिन्यातच वळती झाली तर त्या महिन्यात सूचना न देता निघून जाणाऱ्या पालकापुढे त्यांच्या हाती काहीच उरत नाही. असे दोन पालक त्यांनी पाहिले आहेत. तर्क बरोबर आहे. परंतु मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची अडचण वेगळी असते. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, तो संपला आणि मालकाने भाडे वाढवले की घर बदलावे लागते, आणि घर बदलले की बहुधा पाळणाघरही. अशा महिन्यात नव्या घराची अनामत, दलाली, टेम्पोचे पैसे, नव्या पाळणाघराची अनामत आणि जुन्या पाळणाघराची शेवटची फी ही सगळी एकाच पगारातून द्यायची असतात, आणि जुन्या दोन्ही अनामती मागाहून येणार असतात. वर्षभर वेळेवर फी भरलेल्या पालकांना तरी निम्मी अनामत वळती करण्याची सवलत असावी. ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांना हा नियम टोचणार नाही.

तुलनेसाठी, आम्ही आधी एल.बी.एस. मार्गावरील एका मोठ्या डे-केअर साखळीच्या शाखेत चौकशी केली होती. जागा देखणी, वातानुकूलित, भिंतींवर चित्रे. नावनोंदणी १५,००० रुपये, कोणत्याही परिस्थितीत परत न मिळणारी. अनामत दोन महिन्यांच्या फीइतकी. फी तीन महिन्यांची आगाऊ. आणि सूचना न देता सोडल्यास अनामतीसह आगाऊ फीही जप्त. कोटेशनमध्ये अनामतीच्या रकमेवरही जीएसटी लावलेला होता. परत करावयाची अनामत ही, जोपर्यंत ती सेवेच्या मोबदल्यात वळती केली जात नाही तोपर्यंत, मोबदला मानली जात नाही असे २०१७ सालच्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे, हे मी तेथे बसलेल्या मुलीला दाखवले तेव्हा तिने अगदी नम्रपणे सांगितले, "मॅडम, सिस्टीममध्ये तसंच येतं." राखीव जागेचे वेगळे पैसे तेथे नव्हते, ही गोष्ट प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, पण १५,००० रुपयांची ती नावनोंदणी दुसरे काय होती?

अशा जप्तीच्या अटींवर सही केली म्हणजे सगळे संपले असे पालकांना वाटते, ते बरोबर नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते, की कराराचा भंग झाल्यास करारात लिहिलेली दंडाची रक्कम आपोआप मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत राहून रास्त भरपाईच मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित कराराची व्याख्या आहे, आणि तिच्यात उघडपणे अवाजवी अनामत मागणे आणि झालेल्या नुकसानीशी अजिबात प्रमाण नसलेला दंड लादणे या दोन्ही गोष्टी नावानिशी येतात. अडचण एवढीच, की अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगात करावी लागते, आणि दोन महिन्यांच्या अनामतीसाठी तान्हे मूल घरी असताना तेथे खेटे घालायला कोणाकडे वेळ आहे, हे साखळीच्या वकिलांना चांगले ठाऊक असते. सेवेतील त्रुटीची साधी तक्रार जिल्हा आयोगात करता येते आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. अनेकदा तेवढ्याने पैसे सुटतात. काकूंच्या निम्म्या फीला हे कलम ७४ लागू होईल असे मला वाटत नाही, कारण ती दंड नव्हे, दोन महिने एक जागा खरोखर मोकळी ठेवल्याची किंमत आहे.

काकूंच्या पानात एक उणीव मात्र मोठी आहे. पालकांनी विचार बदलला तर काय, हे लिहिले आहे; काकूंना जागा देणे जमले नाही तर काय, हे लिहिलेले नाही. समजा तान्ह्यांच्या गटातील मूल ठरल्याप्रमाणे मोठ्या गटात सरकले नाही, किंवा एक मावशी काम सोडून गेली आणि चारऐवजी तीनच बाळे घेता आली, तर ज्या पालकाने दोन महिने निम्मी फी भरली आहे त्याला ती पूर्ण परत मिळाली पाहिजे, आणि शक्यतो पंधरा दिवस आधी तसे कळलेही पाहिजे, कारण आईची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. मी विचारल्यावर काकूंनी आमच्या पानावर तसे हाताने लिहून सही करून दिली. छापील पानावर ते अजून आलेले नाही, तेव्हा प्रवेश घेणाऱ्यांनी ते आवर्जून लिहून घ्यावे. नियमांच्या पानाची सही केलेली प्रतही मागितल्याशिवाय मिळत नाही.

पैशांच्या व्यवहारासाठी पाचपैकी चार तारे. मे महिन्यातील दुहेरी कमाई आणि शेवटच्या महिन्याबाबतचा ताठरपणा यांसाठी एक तारा कमी. तान्ह्या मुलासाठी जून ते सप्टेंबर या काळात जागा हवी असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येच भेटून नाव सांगून ठेवावे; नुसते नाव सांगण्याचे पैसे नाहीत, निम्मी फी जागा प्रत्यक्ष मोकळी झाल्याच्या तारखेपासून सुरू होते. भेटायला दुपारी दोन ते चार या वेळेत, मुले झोपलेली असताना, फोन करून जावे. अनामत परत घेताना मूळ पावती लागते. ती हरवली असल्यास साध्या कागदावर तसे लिहून दिलेले काकूंना चालते.